खरेदीपूर्वी : कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणि कूलर

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की घरात हळूच एक विषय निघतो. "आई, कॉम्प्युटर लागणार गं!" लॅपटॉप नको, टेबलावरचा घेऊ, तेवढ्याच पैशांत तो जास्त काम देतो, असं मुलं सांगतात. त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. मग कुणीतरी गावातल्या दुकानातून कोटेशन आणतं. त्या कागदावर आठ-नऊ ओळी असतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस वगैरे. आणि अगदी तळाशी दोन ओळी : कॅबिनेट आणि कूलर.

हा कागद बहुतेक घरांत यजमान आणि चिरंजीव बघतात. पैसे मात्र पुष्कळदा आपल्या भिशीतून, शिकवणीच्या नाहीतर शिवणाच्या कमाईतून येतात. दुकानात गेल्यावरही दुकानदार त्या दोघांशी बोलतो. आपल्याला बसायला स्टूल आणि प्यायला गार पाणी मिळतं, संपलं!

तेव्हा या आठवड्यात आपण कोटेशनच्या तळाच्या त्या दोन ओळी ताब्यात घेऊ या. प्रोसेसर, रॅम वगैरेंचे भाव चार ठिकाणी विचारले तर थोड्याफार फरकाने सारखेच निघतात. फसगत होते ती या दोन ओळींत, कारण "खोकं आणि पंखा, त्यात काय बघायचं?" असं सगळ्यांना वाटतं. खरं तर वारा खेळता ठेवणं, धूळ आवरणं आणि तापलेलं निववणं, एवढीच या दोघांची कामं आहेत. ही कामं आपण रोज करतो. मग त्यातलं आपल्याला कळणार नाही असं का समजायचं?

(विदर्भातल्या मैत्रिणींना कूलर म्हटलं की खिडकीतला, वाळ्याचा किंवा गवताचा कूलर आठवेल. इथे कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, एवढं ध्यानात ठेवा.)

आधी थोडं उष्णतेचं गणित

कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, तिची शेवटी उष्णता होते. साध्या कामाच्या प्रोसेसरवर बहुधा ६५ वॅट असं लिहिलेलं असतं. पूर्वी आपल्या घरात ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा, आठवतो? पाच मिनिटं लागलेला असला तरी हात लावायची सोय नसे. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडते. शिवाय ६५ हा आकडा नेहमीच्या चालीचा. काम भरात आलं की इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो.

ही उष्णता बाहेर गेली नाही तर चिप जळते का? नाही. आजकालचे प्रोसेसर शहाणे आहेत. प्रकारानुसार ९० ते १०० अंश सेल्सिअसची मर्यादा आली की ते आपणहून वेग कमी करतात, अगदीच सहन होईना तर मशीन बंद होतं. म्हणजे नुकसान कुठे होतं, ते पाहा. तुम्ही वेगाचे पैसे मोजलेले असतात, आणि तोच वेग तुम्हाला मिळत नाही. तोही नेमका एप्रिल-मेमध्ये, जेव्हा मुलांची प्रोजेक्टं पुरी करायची असतात आणि परीक्षा तोंडावर असतात.

आणखी एक गोष्ट. पंख्याने गार होणारी कोणतीही वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. कूलरची परीक्षणं बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. समजा, अशा २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८० अंशांवर राहिला. तोच कॉम्प्युटर तेच काम करताना जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ठेवला, तर साधारण ९५ पर्यंत पोचणार. म्हणून "माझ्या पुण्याच्या भाच्याकडे हाच पंखा आहे, काही त्रास नाही" हा दाखला चंद्रपूरच्या घराला लागू पडत नाही.

कूलर म्हणजे चहाची बशी

कपातला चहा लवकर निवत नाही, म्हणून आपण तो बशीत ओततो आणि फुंकर घालतो. बशीत चहा पसरतो, हवा जास्त जागी लागते आणि फुंकरीने तापलेली हवा दूर होते. कूलरचं सगळं शास्त्र एवढंच आहे. धातूच्या पातळ पातळ पट्ट्या म्हणजे बशी आणि पंखा म्हणजे फुंकर. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी बशी मोठी. बशी मोठी असली की फुंकर हळू घातली तरी चालते, म्हणजेच पंख्याचा आवाज कमी होतो.

थोड्या महागाच्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी कोंडलेलं असतं. खालच्या गरम टोकाला त्याची वाफ होते, वरच्या गार पट्ट्यांपाशी वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते झिरपत खाली येतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तोच प्रकार. उष्णता वर वाहून नेण्यात ही नळी नुसत्या भरीव तांब्यापेक्षा कितीतरी तरबेज असते.

राहिली पांढरट किंवा करड्या रंगाची पेस्ट, तिला थर्मल पेस्ट म्हणतात. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही बारीक खळगे असतात. बुडाला पोचे आलेलं पातेलं हॉटप्लेटवर ठेवलं की दूध तापायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे ना? मध्ये हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. म्हणून तर गोधडीत ऊब असते! ते खळगे भरायला ही पेस्ट. ती वाटाण्याएवढी पुरते. जास्त लेप दिला म्हणजे जास्त गार होतं असं नाही, उलट घाण होते.

खोक्यात आलेला पंखा पुरतो का?

आता मुद्द्याचं. दुकानदार म्हणतो, "वहिनी, वेगळा कूलर घालाच, नाहीतर गरम होईल." घालायचा का?

आधी विचारा, प्रोसेसरच्या खोक्यात पंखा येतो का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'के' अक्षर असतं, त्यांच्याबरोबर पंखा येत नाही, तो वेगळा घ्यावाच लागतो. वर सांगितलेला आय-फाइव्ह १२४०० किंवा एएमडीचा रायझेन फाइव्ह ५६०० यांसारखे ६५ वॅटचे प्रोसेसर खोकाबंद घेतले तर पंखा सोबत मिळतो. मात्र हेच प्रोसेसर कधीकधी 'ट्रे' म्हणून, विनाखोक्याचे, थोडे स्वस्तात विकतात. त्यात पंखा नसतो. दोन-चारशे रुपये वाचले म्हणून आनंदाने घ्यावा आणि मग पंख्याला हजार-दीड हजार मोजावे, असं होऊ देऊ नका. आणि खोक्यातला पंखा दुकानदाराने काढून ठेवून तुम्हाला दुसरा विकला नाही ना, तेही बघा. खोकं तुमचं, त्यातला पंखाही तुमचाच.

अभ्यास, ऑनलाइन तास, हिशेब, टायपिंग, मुलांचं प्रोग्रॅमिंग, पाककृतींचे छोटे व्हिडिओ जोडणं, एवढंच काम असेल आणि घर पुण्या-नाशिकच्या हवेतलं असेल, तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याच्यासोबत आलेला पंखा पुरतो. तिथे बिनदिक्कत पैसे वाचवा.

वेगळा कूलर तीन घरांनी घ्यावा. एक, जिथे उन्हाळ्यात खोली अडतीस-चाळीस अंशांवर जाते आणि एसी नाही. दोन, जिथे तासन् तास भारी काम चालतं : मोठे व्हिडिओ, आर्किटेक्चरची त्रिमिती चित्रं, मुलांचे मोठाले खेळ. तीन, आणि हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, जिथे एकाच खोलीत अभ्यास आणि झोप दोन्ही असतं. छोट्या पंख्याला जोर लागला की तो घोंघावतो. रात्री बारा वाजता मुलगी अभ्यासाला बसली आणि शेजारी सासूबाईंचा डोळा लागलेला असला, तर तो आवाज किती जाणवतो, ते वेगळं सांगायला नको.

टॉवर कूलर घ्यायचा तर

उभ्या पट्ट्यांचा, १२० मिलिमीटरचा पंखा आणि तीन-चार नळ्या असलेला टॉवर कूलर साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. आपल्या कामाला एवढा पुष्कळ झाला. तो घेताना तीन गोष्टी विचारा.

पहिली, उंची. असे कूलर बहुधा १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. डीपकूलचा एके ४०० हा १५५ मिलिमीटरचा आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात 'सीपीयू कूलरची कमाल उंची' दिलेली असते. ती कूलरच्या उंचीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्तच हवी. नाहीतर कूलर बसतो, पण कॅबिनेटचं दार लागत नाही. कपाट आणलं आणि खोलीच्या दारातून आत जाईना, तशी गत!

दुसरी, बसवायची पट्टी. मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात आणि प्रत्येक सॉकेटची भोकं निराळी असतात. इंटेलच्या २०२१ साली आलेल्या एलजीए १७०० सॉकेटची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, त्याआधीच्या पिढीची ७५ मिलिमीटरवर होती. म्हणजे दुकानात पडून असलेला जुना कूलर स्वस्तात मिळाला, तरी त्याची पट्टी जुळेलच असं नाही. एएमडीच्या एएम-फोर आणि एएम-फाइव्हचं तसं नाही, बहुतेक कूलर दोघांना चालतात. सॉकेटचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या आणि कूलरच्या खोक्यावर ते छापलेलं आहे ना, ते स्वतः वाचा.

तिसरी, पंख्याच्या वायरीला चार टाचण्यांची खूण. अशा पंख्याचा वेग मदरबोर्ड कामाप्रमाणे कमीजास्त करतो. काम नसलं की तो गुपचूप बसतो.

दुकानातच जोडून घेणार असाल तर समोर उभ्या राहा. कूलरच्या बुडाला एक पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो सोलून काढायचा असतो. घाईत तो तसाच राहतो आणि मग "कूलर बदलला तरी तापतंच" अशी तक्रार घेऊन लोक परत येतात. त्या क्षणी नुसतं विचारा, "दादा, खालचा कागद काढलात ना?" पुढचं सगळं काम ते जपून करतील.

कॅबिनेट : आधी वारा, मग शोभा

आता खोकं. दुकानाच्या शोकेसमध्ये काचेची, रंगीबेरंगी दिव्यांची कॅबिनेटं मांडलेली असतात. मुलांची नजर तिथेच खिळते. पण पुढून बघा. पुढची बाजू सगळी काचेची नाहीतर बंद प्लॅस्टिकची असेल, तर आतले तीन पंखे हवा ओढणार कुठून? दारं-खिडक्या लावून घेऊन पंखा फुल्ल सोडल्यासारखं ते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. वाऱ्याचा रस्ता असा असावा : पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. स्वयंपाकघरात खिडकी एका अंगाला आणि धुराचा पंखा समोरच्या अंगाला असतो, तसंच. निदान पुढे एक आणि मागे एक असे १२० मिलिमीटरचे पंखे हवेत. पुढे दोन, मागे एक असले तर आणखी चांगलं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली, की धूळ फटीफटीतून न शिरता गाळणीतूनच येते आणि गाळणी आपल्याला धुता येते.

गाळणीचं मुद्दाम सांगते. पुढे, वर आणि खाली, एसएमपीएसच्या तोंडाशी, काढता-घालता येणारी गाळणी असावी. वरची पुष्कळदा लोहचुंबकाने चिकटते, ती फार सोयीची. गाळणी काढायला स्क्रू फिरवावे लागत असतील तर ती वर्षभर कुणी काढणार नाही, हे तुम्ही-आम्ही चांगलं जाणतो.

पत्रा बघायचा तर बाजूच्या दारावर अंगठ्याने हलकेच दाबा. पत्र्याचा डबा वाजावा तसा तो आत-बाहेर होत असेल, तर पुढे पंख्याबरोबर थरथरून आवाज करेल. कडा आतून बोटाने जपून पाहा, धारदार नसाव्यात. कोकणपट्टीतल्या मैत्रिणींनी रंग न लागलेला पत्रा कुठे उघडा आहे का, ते जरूर पाहावं, खारी हवा तिथूनच गंज धरते. मागच्या बाजूला कार्डांसाठी उभ्या फटी असतात. त्यांच्या पट्ट्या स्क्रूने लावलेल्या हव्यात. स्वस्त कॅबिनेटात त्या मोडून काढायच्या असतात. एकदा मोडली की भोक कायमचं राहतं आणि झुरळं, पाली यांना आयतं घर मिळतं.

मापाचं फार गूढ नाही. मदरबोर्डची मापं ठरलेली आहेत. मोठा एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मधला मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. एटीएक्सची ही पद्धत इंटेलने १९९५ साली घालून दिली आणि आजही तीच चालते. बजेटात बहुधा मायक्रो एटीएक्स बोर्ड येतो, त्याला लहान कॅबिनेट पुरतं. पण मोठ्या कॅबिनेटात लहान बोर्ड बसतो, लहान कॅबिनेटात मोठा बसत नाही. पुढेमागे ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार असेल तर त्याला किती लांबीची जागा आहे, तेही विचारून ठेवा.

दिवे नसलेलं, जाळीचं, दोन-तीन पंखे असलेलं कॅबिनेट अडीच ते साडेतीन हजारांत मिळायला हवं. दिव्यांपायी त्याहून दीड-दोन हजार जास्त मागितले, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणा आणि पुढे चला. मुलाने फारच हट्ट धरला तर त्याला सांगा, आत्ता वाऱ्याचं घेऊ, दिव्यांची माळ पुढच्या वाढदिवसाला. ती मागाहून लावता येते. बंद काचेला जाळी मात्र मागाहून लावता येत नाही.

कॅबिनेटबरोबर 'फुकट' एसएमपीएस

स्वस्त कॅबिनेटात पुष्कळदा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, बसवूनच येते. "वहिनी, हे फ्री आहे!" असं ऐकलं की जरा थांबा. सगळ्या भागांना वीज याच पेटीतून जाते. ती हलकी निघाली तर एखाद्या दिवशी मदरबोर्डालाही बरोबर घेऊन जाईल. एसएमपीएस वेगळा, नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' शिक्क्याचा आणि निदान तीन वर्षांच्या हमीचा घ्या. कूलर आणि दिव्यांतून वाचलेले पैसे घालायची सगळ्यात योग्य जागा हीच.

पाच हजारांत दोन ओळी बसवायच्या, तर हिशेब असा मांडता येईल. साधं काम, बरी हवा : कॅबिनेट तीन हजार, कूलर शून्य, उरलेले दोन हजार एसएमपीएसमध्ये घाला. कडक उन्हाळा किंवा भारी काम : कॅबिनेट तीन हजार, कूलर दोन हजार. दोन्हीकडे दिव्यांना फाटा. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा आपल्या गावात तीन ठिकाणी विचारूनच आकडा पक्का करा. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं नाव वेगळं लिहून घ्या. "कॉम्प्युटर एक नग" असं बिल हमीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

घरी आणल्यावर

आता आपल्याच खात्यातल्या गोष्टी. कॉम्प्युटरच्या टेबलाला खाली दार असलेला कप्पा असतो. कॅबिनेट त्यात कोंडलं, तर तीच गरम हवा फिरून फिरून आत जाते. कप्प्याची मागची फळी काढून टाका, नाहीतर कॅबिनेट बाहेर ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर असू द्या. सतरंजीवर किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. खालून एसएमपीएस हवा घेतो, शिवाय केर काढताना सगळी धूळ त्याच्याच नाकात जाते. लाकडी पाट छान काम देतो.

आणि हो, कॅबिनेटवर क्रोशाचा रुमाल घालू नका! हात हळहळेल, पण वरची जाळी हे त्याचं नाक आहे. त्यावर फुलदाणी तर मुळीच नको.

गाळणी महिन्या-दोन महिन्यांनी धुवा, पुरती वाळवा आणि मगच लावा. आतली सफाई वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईबरोबर. प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बिघडतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याने स्थिर वीज निर्माण होऊन भाग बिघडायचा धोका असतो. ओलं फडकं तर नकोच नको.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. कॅबिनेट पत्र्याचं असतं. त्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर 'थोडा करंट येतोच' म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा घराच्या वायरिंगला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत लावलेला असतो. आधी वायरमनला बोलवा, मग कॉम्प्युटर लावा. घरात अनवाणी वावरणारी लहान मुलं असतात.

दुकानात न्यायची चिठ्ठी

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव, वॅट, खोक्यात पंखा आहे की नाही.
२. सॉकेटचं नाव.
३. कूलरची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा, दोन्ही मिलिमीटरमध्ये.
४. पुढे जाळी, पुढे-मागे पंखे, निघणारी गाळणी.
५. मागच्या पट्ट्या स्क्रूच्या.
६. एसएमपीएस वेगळा, हमी किती वर्षं.
७. जीएसटीचं बिल, प्रत्येक वस्तू वेगळी.

शंका-समाधान

*घरात पंधरा वर्षांपूर्वीचं कॅबिनेट आहे. तेच वापरलं तर?*

बोर्ड बहुधा बसेल, कारण मापं तीच आहेत. पुढे हवा घ्यायला जागा आहे का आणि मागे पंखा लागतो का, ते पाहा. तसं असेल आणि काम साधं असेल तर खुशाल वापरा, तीन हजार वाचले. त्यातला जुना एसएमपीएस मात्र वापरू नका.

*पाण्याचा कूलर जास्त चांगला, असं मुलगा म्हणतो.*

भारी प्रोसेसरला तो उपयोगी आहे, खोटं नाही. पण त्यात पंप असतो, तो कधीतरी थकतो आणि किंमत बरीच जास्त पडते. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो घेणं म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकाला पंगतीचं पातेलं काढणं. टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर तेवढा पंखा बदलता येतो.

*उन्हाळ्यात कॅबिनेटचं दार उघडं ठेवलं तर चालेल का?*

कायमचं नको. धूळ, पाली आणि मुलांची बोटं, तिघांनाही वाट मोकळी होते. पण परीक्षा म्हणून एकदा करून पाहा. मुलाला 'एचडब्ल्यू-इन्फो' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावायला सांगा, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. दार लावून अर्धा तास काम करून आकडा टिपा, मग दार काढून तेच काम करून पाहा. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे. दहा-बारा अंश उतरले, तर कॅबिनेटचा श्वास कोंडतो आहे. अशा वेळी नवा कूलर घेऊन उपयोग नाही. आधी गाळणी धुवा, पुढे एक पंखा वाढवा. काम पाच-सातशे रुपयांत भागेल.

*विदर्भातून : खोलीत खिडकीचा कूलर चालतो, त्याच्यासमोर कॉम्प्युटर ठेवावा का?*

खोली गार झाली की कॉम्प्युटरही गार राहतो, त्यामुळे कूलर अवश्य चालू द्या. मात्र त्याचा दमट झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका आणि पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत एवढ्या अंतरावर, झोताच्या बाजूला टेबल ठेवा.

पुढच्या आठवड्यात : वीज गेल्यावर कॉम्प्युटरला काय लावावं, इन्व्हर्टर की यूपीएस? तोवर घरातलं विजेचं मागचं बिल हाताशी काढून ठेवा.